मागे जोडलेल्या डब्याचा दिवा: वाहनातील बॅटरी आणि सौर छत यांचा इतिहास

#धागा

गाडीत किंवा तिच्या मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये दिवे, पंखा, छोटा फ्रीज चालवायचा असेल तर दुकानात पहिला प्रश्न येतो तो बॅटरी किती अँपिअर-तासांची हवी, हा. छतावर सोलर पॅनेल बसवायचे असेल तर त्यापाठोपाठ दुसरा: किती वॉटचे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु वाहनांतील बॅटरीचा सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळेच दिसतात. बॅटरी किती खोलवर रिकामी होणार आहे? आणि ती पुन्हा पूर्ण भरायला किती वेळ मिळणार आहे? या दोन प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्याने आजवर अगणित बॅटऱ्या अकाली मेल्या आहेत.

ही कथा मोटारीपासून नव्हे, आगगाडीपासून सुरू होते. रेल्वेचा प्रवासी डबा हा एका अर्थाने ट्रेलरच. त्याला स्वतःचे इंजिन नाही. तो ओढला जातो, वाटेत सोडला जातो, दुसऱ्या गाडीला जोडला जातो, यार्डात रात्रभर उभा राहतो. आतल्या माणसाला मात्र प्रत्येक अवस्थेत उजेड हवा असतो. एकोणिसाव्या शतकात हा उजेड आधी तेलाच्या दिव्यांनी आणि नंतर डब्याखालच्या टाकीत दाबून भरलेल्या गॅसने दिला.

विजेचा पर्याय शक्य झाला तो फ्रान्समधील दोन माणसांमुळे. १८५९ साली गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी तयार केली. तिची अडचण अशी, की पत्र्यांवर उपयुक्त थर बसण्यासाठी ती महिनोन्‌महिने भरत आणि रिकामी करत राहावे लागे. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप थापला आणि महिन्यांचे काम तासांवर आणले. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १८८१ रोजी, लंडन ते ब्रायटन या मार्गावर ‘बिॲट्रिस’ नावाचा पुलमन डबा फोरच्या बॅटऱ्यांवर उजळून धावला. विजेच्या दिव्यांनी उजळलेला तो पहिला रेल्वे डबा मानला जातो.

प्रयोग यशस्वी झाला, पण त्यात आजही ओळखीचा वाटावा असा पेच होता: बॅटरी मुक्कामावर भरायची आणि वाटेत वापरायची. मुक्काम लांबला, गाडी रखडली, भरणारा माणूस चुकला, की डबा अंधारात.

यावर १८९० च्या दशकात लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील जे. स्टोन आणि कंपनीने उत्तर काढले. डब्याच्या आसाला पट्टा लावून त्यावर छोटा डायनामो फिरवायचा. डबा धावेल तशी वीज तयार होईल, दिवे जळतील, उरलेली वीज बॅटरीत जाईल. डबा थांबला की बॅटरी दिव्यांना सांभाळेल. ऐकायला सोपे, करायला अवघड. डब्याचा वेग सतत बदलतो, म्हणजे डायनामोचा वेगही बदलतो. स्टोनच्या रचनेत डायनामो अशा बेताने टांगलेला होता की वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्टा आपोआप घसरू लागे आणि डायनामो जास्त फिरत नसे. डबा उलट दिशेने ओढला गेला तर विजेची दिशा सुधारणारी आणि पुरेसा वेग आल्यावरच डायनामो बॅटरीला जोडणारी स्वयंचलित कळही त्यात होती. आजच्या चार्ज कंट्रोलरचे बरेचसे काम तेव्हा चामड्याचा एक पट्टा घसरून करत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कारागिरीबद्दल आदर वाटतो.

आणखी एक बारीक गोष्ट. शिशाच्या बारा घरांची (सेलची) बॅटरी साधारण २४ व्होल्टची. पण ती पूर्ण भरायची तर जवळपास २९ व्होल्टपर्यंत न्यावे लागते. तोच दाब दिव्यांना मिळाला तर दिवे अतिप्रखर होऊन लवकर जातात. म्हणून सुरुवातीच्या रचनांत दोन बॅटऱ्या असत आणि दिव्यांच्या वाटेवर रोधक घातला जाई. भरणारी बाजू वेगळी, वापरणारी बाजू वेगळी, हा विचार तेथे प्रथम ठामपणे दिसतो.

दिव्यांचा हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे गाड्यांची भीषण टक्कर झाली. लाकडी डबे, त्यांखाली गॅसच्या टाक्या. टक्करीनंतर आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसे, बहुतांश सैनिक, मृत्युमुखी पडली. त्यापूर्वीही ब्रिटनमध्ये गॅसच्या दिव्यांमुळे अपघातांनंतर आगी लागल्या होत्या. बॅटरी महाग पडते, देखभाल मागते, म्हणून गॅस टिकून राहिला होता. ती काटकसर कोणाच्या जिवावर होत होती, हे अशा अपघातांनी दाखवले.

स्टोनची कल्पना भारतातही रुजली आणि टिकली. आपल्या ओळखीच्या आयसीएफ बनावटीच्या निळ्या डब्यांखाली डोकावले, तर चाकांच्या आसावरून गेलेला पट्टा, तेथे टांगलेला अल्टरनेटर आणि शेजारी बॅटरीची पेटी दिसते. बिगर-वातानुकूलित डब्यांत ही रचना ११० व्होल्टची आणि अल्टरनेटर ४.५ किलोवॉटचा. हा आकडा ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

आता मोटारीकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि मालवाहू गाड्या सर्रास होत्या आणि त्यांच्या मालकांपुढे बॅटरी निवडण्याचा अगदी आजच्यासारखा पेच होता. एका बाजूला शिशाची बॅटरी: स्वस्त, पण जड, आणि खोलवर रिकामी करून तशीच ठेवली तर खराब होणारी. दुसऱ्या बाजूला थॉमस एडिसन यांची निकेल-लोखंडाची बॅटरी.

एडिसन यांनी या बॅटरीचा गाजावाजा आधी केला आणि काम नंतर पुरे केले. पहिला नमुना बाजारात आला तो गळू लागला, त्याची क्षमता घसरू लागली, आणि उत्पादन थांबवावे लागले. सुधारित बॅटरी १९०९ मध्ये आली. ती खरोखरच चिवट होती. पूर्ण रिकामी करा, महिनाभर तशीच ठेवा, वेळ-अवेळ भरा. ती सहन करी. मग ती जिंकली का नाही? एक कारण किंमत. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या मोटारीवर एडिसन बॅटरी हवी असेल तर सुमारे ६०० डॉलर अधिक द्यावे लागत. त्याच सुमारास फोर्डची मॉडेल टी अख्खी जवळजवळ तेवढ्याला मिळू लागली होती. दुसरे कारण, थंडीत ती लवकर मंदावे. तिसरे कारण आज सौर ऊर्जेच्या दृष्टीने अधिक बोलके आहे: तिच्यात घातलेल्या विजेचा बराच मोठा भाग परत मिळत नसे, उष्णता आणि वायू होऊन जाई. वीजघरातली वीज स्वस्त असताना हे चालून जाते. मोजक्या चौरस फुटांच्या छतावरून येणारी वीज अशी वाया घालवणे परवडत नाही.

दरम्यान एक घटना घडली आणि ‘गाडीची बॅटरी’ या शब्दाचा अर्थच बदलला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेला विजेचा स्टार्टर आला. हँडल मारून इंजिन चालू करण्याची कसरत संपली, आणि पेट्रोलच्या मोटारीने विजेच्या मोटारीचा मोठा फायदा हिरावून घेतला. बॅटरीच्या दृष्टीने मात्र काम पूर्ण उलटे झाले. स्टार्टरला समजा ३०० अँपिअर तीन सेकंद लागले, तर खर्च होतो तो केवळ पाव अँपिअर-तास. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हे अर्धा टक्काही नाही. त्यानंतर इंजिन चालू, डायनामो चालू, बॅटरी पुन्हा भरलेली. क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी पत्र्यांचा पृष्ठभाग जास्त हवा, म्हणून पातळ पत्रे आणि पुष्कळ पत्रे.

तासन्‌तास मध्यम प्रवाह देऊन जवळजवळ रिकामी होणाऱ्या बॅटरीला हवे असतात जाड पत्रे. त्यासाठी १९१० मध्येच फिलाडेल्फियातील एका कंपनीने ‘आयर्नक्लॅड’ नावाची, नळ्यांत लेप भरलेली बॅटरी काढली होती. आपल्याकडे घरोघरच्या इन्व्हर्टरखाली असलेली ट्यूब्युलर बॅटरी तिच्याच कुळातली.

येथून दोन घराणी वेगळी झाली. बाहेरून दोन्ही सारख्याच काळ्या पेट्या, दोन्हींवर १२ व्होल्ट लिहिलेले, दोन्हींत शिसे आणि गंधकाम्ल. म्हणूनच गफलत होते. स्टार्टरची बॅटरी ट्रेलरमध्ये बसवून तिच्यावर रात्रभर पंखा चालवला, तर पातळ पत्र्यांवरचा लेप झडू लागतो आणि अशा काही डझन रात्रींत ती निकामी होते. दुकानदाराने फसवले असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात तिला तिच्या कुळाबाहेरचे काम दिलेले असते.

मग सूर्य कोठून आला? येथे इतिहासाने एक सुंदर वळण घेतले आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन यांच्यापुढचे मूळ काम बॅटरीचेच होते: दमट, उष्ण प्रदेशांत दूरवरच्या टेलिफोन यंत्रणांमधील कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत, त्यांना पर्याय शोधायचा. त्यातून चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांचा सिलिकॉन सौर सेल १९५४ मध्ये जगापुढे आला. सूर्यप्रकाशाचा सुमारे ६ टक्के भाग तो विजेत बदलत असे. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावी टेलिफोनच्या खांबावर असे पॅनेल चढवून त्याखालची बॅटरी भरण्याची चाचणी झाली. म्हणजे सौर सेल जवळजवळ जन्मापासूनच बॅटरीच्या जोडीने नांदतो आहे.

वाहनावर तो लवकरच पोचला. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील इंटरनॅशनल रेक्टिफायर या कंपनीने १९१२ ची जुनी बेकर इलेक्ट्रिक मोटार घेतली आणि तिच्या छतावर १०,६४० सेलचे पॅनेल चढवले. ज्या वर्षी स्टार्टरने विजेच्या मोटारीचा घास घेतला, नेमके त्याच वर्षीचे मॉडेल! दृश्य देखणे होते, पण हिशेब कोरडाच होता. आजच्या पॅनेलनिशीही तो करून पाहावा. २०० वॉटचे पॅनेल, महाराष्ट्रातले चांगले ऊन म्हणजे दिवसाला साधारण पाच तासांच्या भर उन्हाइतके. झाले एक युनिट. तारा, धूळ, उष्णता आणि सपाट छत यांचे नुकसान वजा जाता हाती सात-आठशे वॉट-तास. छोटी विजेची कार एवढ्यावर पाच-सहा किलोमीटर जाईल. एलईडी दिवे, पंखा, मोबाइल आणि छोटा डीसी फ्रीज मात्र एवढ्यावर आनंदाने दिवस काढतील.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे वाहनच इतके हलके करायचे की सूर्य पुरेल. हान्स थोलस्ट्रुप आणि लॅरी पर्किन्स यांनी १९ डिसेंबर १९८२ ते ७ जानेवारी १९८३ या काळात ‘क्वाएट अचीव्हर’ ही सौर गाडी ऑस्ट्रेलियात पर्थहून सिडनीपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर, चालवली. सरासरी वेग ताशी २३ किलोमीटरच्या आसपास. पुढे थोलस्ट्रुप यांनीच सुरू केलेल्या सौर शर्यतीत, १९८७ मध्ये, जनरल मोटर्सची ‘सनरेसर’ ताशी सुमारे ६७ किलोमीटर सरासरीने जिंकली. तिच्यात चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या होत्या: अतिशय हलक्या, अतिशय महाग, अल्पायुषी. एका शर्यतीसाठी योग्य निवड, आणि कोणत्याही संसारासाठी पूर्णपणे अयोग्य. त्या गाडीतून सामान्यांच्या उपयोगाची ठरली ती वस्तू म्हणजे पॅनेलमधून प्रत्येक क्षणी जास्तीत जास्त शक्ती काढणारे नियंत्रक. मुळात अंतराळयानांसाठी विकसित झालेली ही युक्ती आज ‘एमपीपीटी’ या नावाने दुकानात मिळते.

दुसरी वाट रेल्वेची. १४ जुलै २०१७ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी दिल्लीत एका डेमू गाडीचे उद्घाटन केले. तिच्या सहा डब्यांच्या छतांवर प्रत्येकी १६ पॅनेल, प्रत्येक ३०० वॉटचे. गुणाकार ४.८ किलोवॉट, म्हणजे आसावरच्या त्या ४.५ किलोवॉटच्या अल्टरनेटरच्या तोडीस तोड. गाडी डिझेलच ओढत होते. सूर्याकडे काम सोपवले ते दिवे, पंखे आणि सूचनाफलकांचे. वृत्तपत्रांनी ‘सौर ऊर्जेवर धावणारी रेल्वे’ असे मथळे दिले, तेव्हा अनेकांना हे थोडे फसवे वाटले. वस्तुतः छताला पेलवेल तेवढेच काम छताला देण्याचा तो समंजसपणा होता.

आता शिशाची बॅटरी आणि सूर्य यांच्या जुन्या भांडणाकडे येऊ. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते. उरलेले वीस टक्के मात्र कितीही जोर लावला तरी तीन-चार तास घेतात. रिकामी होताना पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक स्फटिक बनतात. लवकर पूर्ण भरली तर ते विरघळतात. अर्धवट अवस्थेत दिवस गेले तर ते मोठे व कठीण होतात आणि ती जागा कायमची मरते. सूर्य तर चार वाजता उतरू लागतो, आषाढात आठवडाभर तोंड दाखवत नाही. म्हणजे नेमके ते शेवटचे वीस टक्के रोज राहून जातात. जेल (१९५७, जर्मनी) आणि नंतरच्या एजीएम प्रकारांनी आम्ल सांडण्याचा त्रास घालवला. हा मूळ दोष त्यांनाही टळला नाही. म्हणून शिशाची बॅटरी घेणाऱ्याने तिची निम्मीच क्षमता आपली समजावी, आणि अधूनमधून ती विजेच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

हे भांडण मिटवणारे रसायन १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून आले. अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांच्या चमूने लिथियम आयर्न फॉस्फेट हा पदार्थ बॅटरीसाठी मांडला. सोनीची लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात होतीच. पण फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने आगीचा धोका बराच कमी. ही बॅटरी अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही. उलट तेच तिला मानवते. घातलेली वीज जवळजवळ सगळी परत मिळते. आणि एक योगायोग असा, की तिचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात, म्हणजे जुन्या १२ व्होल्टच्या जागी ती सहज बसते.

सहज बसते, म्हणूनच घात होतो. तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडली तर ती त्याच्याकडून जमेल तेवढा प्रवाह खेचते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये प्रवाहाला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. ट्रेलरच्या बाबतीत तो ट्रेलरमध्येच, बॅटरीजवळ असावा. कारण पुढच्या गाडीपासून मागे येणाऱ्या लांब, बारीक तारेत व्होल्ट गळतात. स्टोनच्या कारागिरांनी सांभाळलेले भरणाऱ्या आणि वापरणाऱ्या बाजूंमधले अंतर ते हेच. शिवाय शून्य अंशाखालच्या तापमानात ही बॅटरी भरू नये. लडाखला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. विदर्भात प्रश्न उलटा: बॅटरी बॉनेटखाली किंवा तापलेल्या पत्र्याला लागून ठेवू नये.

हे सारे ज्याच्या पोटाशी निगडित आहे असा वर्ग कॅम्पर-व्हॅनवाल्यांचा नाही. तो ई-रिक्षाचालकांचा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी या शतकाच्या आरंभीच विजेवर चालणाऱ्या सायकलरिक्षेचा आराखडा प्रत्यक्ष बनवून दाखवला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात आलेल्या ‘सोलेक्शॉ’ने तर पॅनेल छतावर न ठेवता स्थानकावर ठेवले, बॅटरी तेथे भरायची आणि रिक्षेत बदलून घालायची. पुढे रस्ते भरले ते मात्र शिशाच्या चार-पाच बॅटऱ्यांवर चालणाऱ्या साध्या ई-रिक्षांनी. २०१५ च्या कायदादुरुस्तीने त्यांना अधिकृत स्थान मिळाले. रोज खोलवर रिकामी होणारी ही बॅटरी बहुधा वर्षाच्या आसपास बदलावी लागते.

तरीही चालक शिशाकडेच का वळत राहिला, याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. लिथियमची किंमत एकरकमी द्यावी लागते, आणि ती रक्कम हाती नसते. शिशाची बॅटरी मेली तरी तिला भंगारात निश्चित भाव असतो. जुनी द्यायची, फरक भरायचा, नवी घ्यायची. ते जुने शिसे जेथे उघड्या भट्टीत वितळवले जाते, त्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात ते उतरते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने काढलेल्या बॅटरी कचरा नियमांनी सर्व प्रकारच्या जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. लिथियमच्या मेलेल्या बॅटरीला शिशासारखा गल्लीतला भाव मिळेल तेव्हा चालकाचा हिशेब बदलेल. तोवर दर वर्षी तीच खरेदी, तीच भट्टी.